खणखणीत छत

बुधवारी सकाळी पावणेदहाला मी खाण-संग्रहालयाचं जड दार ढकलून आत शिरले आणि समोरच्या भिंतीवर मला माझंच एक वाक्य दिसलं. मागच्या बुधवारी तिथे जुन्या टोप्या आणि दिव्यांची काचपेटी होती. आता माणसाच्या उंचीचा एक फलक होता, कोळशासारखा काळा, चकाकी नसलेला, आणि त्यावर पांढरी अक्षरं. अगदी वर, वीतभर उंच, माझ्या वडिलांचं नाव. लॉन्झो स्टॉलवर्थ, कोळसा भरणारा कामगार, सहा नंबरची खाण, १४ ऑक्टोबर १९५८. त्याखाली सरकारी तपासनिसाच्या अहवालातली ओळ: मृताने छत न तपासता कामास सुरुवात केली. त्याखाली तिरप्या अक्षरांत माझं वाक्य: ‘एक मिनिट वाचवायला गेले, आणि आमची उरलेली सगळी वर्षं त्यात गेली.’ मृताची मुलगी, शिक्षिका. आणि तळाला पिवळ्या रंगात: नियम पाळा, जीव वाचवा. मी आधी शुद्धलेखन तपासलं. बत्तीस वर्षांची सवय, डोळे आपोआप चुका शोधत जातात. चूक नव्हती. मग मी तिकिटाच्या टेबलाला हात टेकून उभी राहिले. एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटावा आणि नाव आठवू नये, तसं ते वाक्य माझ्याकडे बघत होतं. मी हे म्हटलं होतं का? केव्हा? आणि मग आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

एकोणीसशे एकोणनव्वद. माझ्या स्वयंपाकघरात कॉलेजची दोन मुलं आली होती, टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून. खाणकामगारांच्या घरच्यांच्या आठवणी गोळा करत होती. मी त्यांना घरी भाजलेला लेमन पाय खाऊ घातला, आणि त्यांनी तिसरा तुकडा मागितल्यावर खूश होऊन हे वाक्यही दिलं. ते तेव्हाही नवं नव्हतं. पाचवीच्या वर्गात गणिताचे पेपर वाटण्याआधी मी दरवर्षी सांगायची, उत्तर तपासून बघा, माझ्या ओळखीचा एक माणूस होता, तो एक मिनिट वाचवायला गेला. वर्ग एकदम चिडीचूप व्हायचा. ती शांतता मला आवडायची. किती वर्षं मी ती शांतता विकत घेतली, आणि कशाच्या बदल्यात. माणसाचं नाव मी कधी सांगितलं नाही, एवढंच. ते काम आता या फलकाने केलं होतं.

“कसा वाटला?” मार्लन मागून आला. संग्रहालयाचा संचालक, वय चौतीस, गळ्यात ओळखपत्राची फीत, जी तो बोलताना बोटाला गुंडाळतो. “तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, मिस आर्डेलिया. टेप कॉलेजच्या तळघरात सापडली. मी तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी गाडी रस्त्याकडेला थांबवावी लागली मला.”

“हे खरं नाही, मार्लन.”

“टेप आहे आमच्याकडे. तुमचाच आवाज.”

“वाक्य माझं आहे. पण खरं नाही.”

त्याने फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू फलकावरची मुलगी आणि मी, आमच्या दोघींतली खरी कोण ते त्याला ठरवायचं होतं. “अहवालातही तेच आहे की.”

“अहवालातही तेच चुकलंय.”

“ठीक आहे. बसून बोलू. पुढच्या आठवड्यात नीट बसू. पण आज बारा वाजता काउंटी कचेरीची माणसं येतायत, वर्तमानपत्रवाली येतेय, फलकाचं उद्घाटन आहे. आजच्या दिवस जाऊ द्या ना.”

“आणि दहाला मुलं येतायत. त्यांना काय सांगू?”

“जे दर बुधवारी सांगता ते. थर, कोळसा, दगडातली फर्नची पानं. ती बोगद्यात खूश असतात. फलकापाशी थांबूच नका.”

“आणि थांबले तर?”

फीत बोटाभोवती घट्ट झाली. “तर मला बुधवार दुसऱ्या कोणाला द्यावे लागतील. एकजण फलक लावतो आणि दुसरी त्याच्यासमोर उभी राहून तो खोटा म्हणते, असं नाही चालत. माझ्यावर तशी वेळ आणू नका, मिस आर्डेलिया. तुम्ही मला भागाकार शिकवलाय.”

“तोसुद्धा दोनदा शिकवावा लागला.”

तो हसला, आणि हसता हसता गेला. त्याला वाटलं मिटलं. मुलगा चांगला आहे. त्याची आजी आमच्याच रांगेत राहायची, कंपनीच्या घरांच्या. पण तो इतिहास शिकलाय, दगड शिकलेला नाही, आणि इतिहास शिकलेल्यांना कागद म्हणजे जमीन वाटते. मी बाकावर बसले. मुलं यायला बारा मिनिटं होती. नऊ वर्षं मी बुधवारी इथे येते, शहराच्या पूर्वेकडून दोन बस बदलून. माझ्याकडे आता फार गोष्टी नाहीत ज्यांच्यासाठी दोन बस बदलाव्यात. मुलांच्या डोक्यावर टोप्या घालायच्या, ठिपक्यांसारखे दिवे लावायचे, आणि संग्रहालयाला जोडलेल्या जुन्या खाणीच्या बोगद्यात दोनशे फूट आत नेऊन त्यांचा हात मेरी लीवर ठेवायचा. मेरी ली हे कोळशाच्या थराचं नाव. मुलं हसतात, बाईचं नाव का, म्हणतात. मी सांगते, तिच्या अंगाखांद्यावर आपलं सगळं शहर वाढलं म्हणून. हे सोडून द्यायचं? एका फलकासाठी, एका अशा माणसासाठी ज्यांना जाऊन साठ वर्षं झाली आणि ज्यांना फलक वाचता येत नाही?

डॅडींनी मला छत ऐकायला शिकवलं तेव्हा मी सात वर्षांची होते. आमच्या घराच्या ओसरीचं छत लाकडी होतं, त्याला ते झाडूच्या दांड्याने ठोकायचे आणि दुसऱ्या हाताचा पंजा फळीला लावायचे. त्यांची बोटं आढ्याला सहज पोचायची, मला ते खांद्यावर घ्यायचे. “कानाने अर्धं कळतं, पोरी. उरलेलं तळहाताला कळतं. दगड सुटलेला असला तर तो हातात थरथरतो, जसं मांजर घुरघुरतं. आणि आवाज बद्द येतो. बद्द आला की काय करायचं?”

“पळायचं.”

“आधी पळायचं. मग टेकू लावायचा. आणि खणखणीत आला तर?”

“तर काम करायचं.”

“तर आधी देवाचे आभार मानायचे, मग काम करायचं.” ते घरभर सगळं ठोकून बघायचे. मक्याच्या भाकरीचा बिडाचा तवा, चर्चची बाकं, डीकन रफिनच्या नव्या गाडीचं दार. डीकन रफिन म्हणजे आमच्या चर्चचे सेवेकरी, खाणीत डॅडींच्या शेजारच्या दालनात कोळसा भरायचे, बैठ्या आवाजाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते म्हणायचे, “लॉन्झो, माझी गाडी पडणार नाहीये तुझ्या डोक्यावर.” डॅडी म्हणायचे, “बद्द वाजते तुझी गाडी. फसवलं तुला.” सगळी ओसरी हसायची. आणि छताबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा, जसा काही लोकांचा नातेवाइकांबद्दल बोलताना बदलतो. कोळशावर साधारण काळ्या पाटीसारखा दगड असतो, शेल, त्याचे पापुद्रे सुटतात, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. त्याच्या वर वालुकाश्म, जुन्या नदीची घट्ट झालेली वाळू. कधी कधी ती नदी खोल घुसलेली असते आणि वाळू थेट कोळशाला येऊन भिडते. अशा जागी काम मिळालं की लोक एकमेकांच्या पाठीवर थाप मारायचे. वालुकाश्म वाजतो कसा, तर चर्चच्या घंटेसारखा. त्या रात्री डॅडी जेवताना शीळ घालायचे आणि आई म्हणायची, “आज वाळूखाली होतास वाटतं.”

मग ऑक्टोबरातली ती दुपार. मी नऊ वर्षांची. फोरमन आला, टोपी न काढता पायरीवर उभा राहिला, आणि त्याच्या हातात डॅडींचा जेवणाचा डबा होता, ॲल्युमिनियमचा, तीन कप्प्यांचा. खालच्या कप्प्यात पाणी असायचं. पाणी तसंच होतं. आईने डबा घेतला, झाकण काढलं आणि ते पाणी अंगणात ओतून दिलं, आणि मग आत जाऊन बसली. फोरमन म्हणाला, “छत ठोकून बघितलं नव्हतं त्याने. मी दहादा सांगत होतो या लोकांना.” तपासनीस दोन दिवसांनी आला, फोरमनशी बोलला, दगडाचं माप घेतलं, गेला. डीकन रफिनना कोणी काही विचारलं नाही. डीकन रफिनसारख्या काळ्या माणसांना तेव्हा कोणी काही विचारत नसे. आईने विचारलं. रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत. “तू पलीकडच्याच दालनात होतास. त्याने ठोकलं का? ऐकलंस का तू?” डीकननी टोपी हातात फिरवली. “मोझेल, माणूस रोज ठोकतो. रोजचं कोण ऐकतं?” आईने ते उत्तर ‘नाही’ असं घरी नेलं. चाळीस वर्षं नेलं. कपडे वाळत घालताना, बीन्स निवडताना ती मध्येच म्हणायची, “एक मिनिट. त्या माणसाला एक मिनिट नव्हतं माझ्यासाठी.” रडताना मी तिला कधी पाहिलं नाही. ती डॅडींवर रागावलेलीच राहिली आणि तशीच गेली, अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये, हॉस्पिटलच्या खाटेवर, माझा हात धरून, भिंतीकडे तोंड करून. माझं सुप्रसिद्ध वाक्य तिच्याकडून आलं होतं. मी फक्त त्याला इस्त्री केली.

हे वाक्य आम्हां सगळ्यांना इतकं का हवं होतं, ते मला फार उशिरा कळलं. डॅडी निष्काळजी होते असं मानलं की छत चांगलं ठरतं. मग नियम चांगले ठरतात, कान चांगले ठरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची माणसं डबे घेऊन आत जाऊ शकतात. कंपनीला ते हवं होतं हे सांगायलाच नको. पण रांगेतल्या बायकांनाही हवं होतं, ज्यांचे नवरे आत होते. आईलाही. रागावता येतं अशा माणसावर ज्याच्या हातात काहीतरी होतं. ज्याने सगळं नीट केलं आणि तरीही गेला, त्याचं काय करायचं? त्याला कुठे ठेवायचं? आणि मी, मी तर शिक्षिका. तपासलं की बरोबर येतं, यावर माझी सगळी शिकवणी उभी होती.

दोन हजार तीनच्या वसंतात, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, मी वर्गाला घेऊन वायव्येकडच्या महामार्गावर गेले होते. तिथे डोंगर उभा कापून रस्ता नेलाय आणि थर केकसारखे दिसतात. कॉलेजातली एक भूगर्भवाली बाई आमच्याबरोबर होती, लहानखुरी, गमबूट, कमरेला हातोडा. मुलं फर्नचे ठसे शोधत होती. मला त्या शेलच्या भिंतीत एक उभा खांब दिसला, वर निमुळता, खाली रुंद, आणि त्याच्याभोवती नखाएवढी जाड काळी रेघ. मी विचारलं हे काय. ती म्हणाली, झाड. एकतीस कोटी वर्षांपूर्वी इथे दलदलीचं जंगल होतं, पुराने चिखल आणला, झाड उभंच गाडलं गेलं. आतून कुजलं, पोकळ झालं, पोकळीत वाळू भरली, वाळूचा वालुकाश्म झाला. सालीचा कोळसा झाला, ती ही रेघ. “खाणीतली माणसं याला किटलीचं बूड म्हणतात,” ती म्हणाली. “खालून पाहिलं तर गोल दिसतं म्हणून. फार वाईट प्रकार. खालचा कोळसा काढला की याला धरायला काही उरत नाही. साल गुळगुळीत, बुडखा खाली रुंद. सरळ निसटतं. अर्धा टन, एक टन.” मी उभी होते. माझ्या मागे कोणी तरी मुलगा दुसऱ्याच्या बुटात खडे भरत होता आणि मी त्याला ओरडायचं विसरले. मी विचारलं, “आणि ठोकून बघितलं तर?” ती म्हणाली, “तर उत्तम वाजतं. अख्खा वालुकाश्म आहे तो. आजूबाजूच्या शेलपेक्षा कितीतरी छान. घंटेसारखा.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि मुलांनी गाणी म्हटली. मला डॅडी दिसत होते. बद्द शेलच्या छताखाली, कपाळावरच्या दिव्यात, दांडा वर केलेला, पंजा छताला. एक ठोका. बद्द नाही. दुसरा. घंटा. इथे वाळू खाली आलीय, हे त्यांच्या मनात आलं असेल. आज वाळूखाली. कदाचित शीळ घातली असेल. मी ते दृश्य स्वतःला इतक्या वेळा दाखवलंय की आता ते आठवणीसारखं झालंय, आणि मला नीट माहीत आहे की ती आठवण नाही. दुसऱ्या शनिवारी मी सरकारी दफ्तरात जाऊन अहवाल काढून घेतला. दीड पान. सातव्या ओळीत तपासनिसाने, दगड समजत नसलेल्या पण माप घ्यायला शिकलेल्या माणसाने, लिहून ठेवलं होतं: पडलेला दगड एकच, गोल, तळाशी तीन फूट रुंद, वर निमुळता, कडा गुळगुळीत, त्यावर पातळ काळे आवरण. आणि नवव्या ओळीत: छत तपासले असते तर आवाजावरून धोका लक्षात आला असता. सबब तपासले नव्हते. मी त्या दफ्तरातल्या लाकडी खुर्चीत बसून सात आणि नऊ, सात आणि नऊ वाचत राहिले. मधल्या आठव्या ओळीत माहिती देणारा म्हणून फोरमनचं नाव होतं.

इथे आल्यापासून किटलीचं बूड मी प्रत्येक गटाला दाखवते. पण डॅडींचं नाव कधी घेतलं नाही. सोळा वर्षं गप्प राहिले. संकोच होता का? की एकदा का त्यांना निर्दोष म्हटलं की मग माझ्या त्या शांत बसणाऱ्या वर्गांना, आईला, मला काय म्हणायचं हा प्रश्न होता? बाहेर पिवळी बस थांबली. मी उठले.

बावीस मुलं, चौथीची, आणि त्यांच्या बाई मिस बोनिला, तरुण, घसा बसलेला. मी टोप्या वाटल्या. फलकापाशी थांबले नाही. मार्लन दाराशी उभा होता, त्याने मला मान हलवून दाद दिली, आणि मग, त्याला बरं वाटलं म्हणून की शंका आली म्हणून कोण जाणे, आमच्या मागोमाग आत आला. आत गारवा होता, आणि तो वास, ओल्या पैशांसारखा, जो मला नेहमी कोणी तरी घरी आल्यासारखा वाटतो. मी त्यांचे हात मेरी लीवर ठेवले. शेलवर ठेवले. मग प्रत्येकाला दांडा दिला.

“ठोका. हलकेच. दुसरा हात छताला.”

उंच नसलेल्यांना मिस बोनिला उचलत होत्या. बद्द. बद्द. “भोपळ्यासारखं,” एक मुलगा म्हणाला. मग मी त्यांना चार पावलं पुढे नेलं, जिथे छतात तो गोल आहे, काळ्या रेघेचा, आणि त्याला आता पोलादी पट्ट्या आणि बोल्ट मारून धरून ठेवलंय. काय आहे ते सांगितलं नाही. “आता इथे.”

जानिया नावाच्या मुलीने ठोकलं. तिचे दोन दात पडलेले होते. बोगद्यात घंटा वाजली.

“वॉव,” ती म्हणाली. “हे मस्तय.”

“कुठे उभी राहशील? इथे की मघाशी तिथे?”

“इथे.”

“कोण कोण इथे उभं राहील?” सगळे हात वर झाले. मिस बोनिलांचाही. मी मागे पाहिलं. मार्लनचा हात खाली होता, पण तो पाय सरकवून त्या गोलाखालीच येऊन उभा राहिला होता, मुलांना जागा देताना. मी म्हटलं, “हेच पडतं.” आणि मग झाडाची गोष्ट सांगितली, पूर, वाळू, साल, सगळी. मुलं हळूहळू त्या गोलाखालून बाजूला झाली. मार्लन वर बघत तसाच उभा होता.

“बोल्ट आहेत त्याला, मार्लन,” मी म्हटलं. “एकोणीसशे अठ्ठावन्नला नव्हते.”

बाहेर आल्यावर मी त्यांना सरळ फलकासमोर नेलं आणि जमिनीवर बसवलं. मार्लन म्हणाला, “मिस आर्डेलिया.” मोठ्याने नाही. मी ऐकलं, आणि त्याला कळलं की मी ऐकलंय. मी मुलांना म्हटलं, हे माझे वडील. त्यांच्यावर जो दगड पडला तो गोल होता, तीन फूट रुंद, वर निमुळता, कडेला काळी साल. हे त्याच अहवालात लिहिलंय ज्यातली ही ओळ इथे लावलीय. आता तीच ओळ मोठ्याने वाचा. त्यांनी वाचली, चौथीच्या सुरात, शब्द तोडून तोडून. छत न तपासता. मग मी म्हटलं, अहवाल लिहिणाऱ्याने हे कसं ठरवलं? तो म्हणतो, दगड पडला, म्हणजे ठोकलं नव्हतं. ठोकलं असतं तर कळलं असतं. बरोबर?

भोपळेवाला मुलगा म्हणाला, “नाही. आम्ही ठोकलं आणि आम्हाला नाही कळलं.”

“हात वर केले आपण,” जानिया म्हणाली. “सगळ्यांनी.”

“मग त्यांनी ठोकलं होतं,” कोणी तरी म्हणालं.

मला नेमकं तेच हवं होतं, आणि नेमकं तेच मला त्यांना देता येत नव्हतं. “ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. “मी तिथे नव्हते. जे तिथे होते त्यांनाही आठवत नव्हतं. मला एवढंच माहीत आहे की ठोकलं असतं तरी तो दगड पडलाच असता. ‘माहीत नाही’ हे उत्तर लिहिता येतं. त्याला मी नेहमी अर्धे गुण दिलेत. जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं लिहिलं तर शून्य.”

“मग खालचं कोणी लिहिलं?” भोपळेवाल्याने बोट दाखवलं. “ते एक मिनिटवालं.”

“एका शिक्षिकेने.”

“तिला शून्य?”

“शून्य,” मी म्हटलं. “मीच ती.”

वर्ग चिडीचूप झाला. पण ही ती जुनी शांतता नव्हती. कोणी घाबरलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आता ही बाई काय करते, म्हणून. मिस बोनिला एकदा मार्लनकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मी पिशवीत हात घातला. एक खडू निघाला, पांढरा, अर्धवट झिजलेला. मी फलकाशी गेले. तो ज्याने कोणी बनवला त्याला कोळशाचा खरबरीतपणा हवा होता, खडू सुंदर उठला. माझ्या वाक्यावर मी एक रेघ मारली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, सरळ, जशी वहीत मारतात, खालचं वाचता यावं अशी. गिरगटलं नाही. चुकीचं उत्तर दिसायला हवं, नाहीतर पुढच्याला कळणार कसं. मग वरच्या ओळीपाशी आले, तपासनिसाच्या. तिथे हात थांबला. ती माझी नव्हती. ती मी खोडली नाही. तिच्या शेजारी समासात मी लिहिलं: ओळ सात वाचा.

मार्लन पुढे आला होता. फीत त्याच्या बोटाला गुंडाळलेली होती, बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. तो मुलांदेखत आवाज चढवणार नाही हे मला माहीत होतं; तसा तो आधीपासून नव्हता.

“बारा वाजता लोक येतायत,” तो म्हणाला.

“येऊ देत.”

“मला हे पुसावं लागेल, मिस आर्डेलिया. आणि तुमचे बुधवार...”

“बुधवार घे.” मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, आणि मग त्याचं काय करायचं ते न सुचून तसंच धरून ठेवलं. “पण गुरुवारी मी पाहुणी म्हणून येईन. शुक्रवारीही. पासष्टच्या पुढच्यांना तुमच्याकडे प्रवेश मोफत आहे, दारावर लिहिलंय. पुसायचं तर पूस. वाक्य माझं आहे, मी ते कितीही वेळा खोडू शकते, आणि खडू माझ्याकडे भरपूर आहेत.”

तो फलकाकडे वळला. मला वाटलं बाही वर करतोय. पण तो समासातली ओळ वाचत होता, सावकाश, ओठ हलवत, जसा तो भागाकार मांडताना हलवायचा. मग म्हणाला, “अहवाल माझ्या टेबलावर आहे. मी फक्त नववी ओळ वाचली होती.” आणि आत गेला. आणायला की काउंटीला फोन करायला, ते मला कळलं नाही, आणि मी थांबूनही राहिले नाही. मुलांनी टोप्या काढायला सुरुवात केली होती आणि अजून फर्नची पानं दाखवायची राहिली होती.